कांडीला नाही, नळीला

धंतोलीतल्या त्या दवाखान्याच्या तळघरात
बॉयलरला एक डोळा आहे, रुपयाएवढा, काचेचा.
गुणवंत सोनकुसरे एकतीस वर्षं त्यातून आत बघत आले.
आधी कोळसा, मग डिझेल, मग गॅस.
इंधनं बदलली, ड्युटी तीच:
पहाटे साडेतीन, डबा, टॉर्च,
कानाला स्क्रूड्रायव्हर लावून
पंपाच्या पोटात कुठे दुखतंय ते ऐकणं.
भिंतीवर फ्रेममध्ये सर्टिफिकेट, सेकंड क्लास,
काच वाफेने आतून आंधळी झालेली.

माझं काम गच्चीवर.
आयटीआय, फ्रिज-एसीचा ट्रेड,
वर्गात सव्वीस पोट्टे आणि मी.
बाबा इतवारीत कुलरच्या ताट्या भरायचे,
मार्च लागला की घरभर ओल्या खसाचा वास.
त्यांची पोरगी आता
हवेतली उष्णता उपसून पाण्यात ओतते.
"फ्रिज उलटा बसवला समजा," मी काकांना म्हटलं.
"म्हणजे जाळत काहीच नाही?"
"नाही."
"मंग कळते कसं, का चालू आहे म्हणून?"

मे महिना. गच्चीवर पारा सेहेचाळीस,
चुन्याचा पांढरा रंग डोळ्यांत घुसतो.
उत्तरेला कोराडीच्या चिमण्या, अंधुक.
काकांनी तिकडे बोट दाखवलं:
"धूर काही रिटायर नाही झाला बावा,
त्याची बदली झाली."
मी हसले,
आणि हसू अर्ध्यात सोडून पाना शोधू लागले.

मला हिशोब सांगता आला असता:
वीज एक भाग घातली
तर उष्णता तीन भाग, साडेतीन भाग,
आणि या शहरात उन्हाची काय कमी.
पण बॅगेत दुसरा कागद होता.
देखभाल: तीन महिन्यांतून एक फेरी.
बॉयलर अटेंडंट: पद शून्य.
काकांचे चौदा महिने उरलेत
हे त्या कागदाला माहीत नव्हतं.
मला होतं.

दुपारी नायट्रोजन भरला, सांध्यांना साबणाचा फेस लावला.
तिसऱ्या सांध्यावर बुडबुडा,
लहान, निवांत,
झोपलेल्या लेकराच्या ओठांवरचा असतो तसा.
पुसला, परत जोडलं, परत बुडबुडा.
हेल्परने दुसरीकडे बघितलं,
बाईमाणसाचं काम, हे तो बोलला नाही,
पण दुसरीकडे बघितलं.

काका कधी वर आले कळलं नाही.
माझ्या हातातून टॉर्च घेतला, न विचारता,
ज्योत थोडी आवळली,
डोळे बारीक केले, त्या रुपयाएवढ्या काचेतून बघताना करायचे तसे.
"कांडी काहून तापवतं तू?
कांडीला नाही, नळीला तापव.
नळी तापली का कांडी सवताच धावते."
तांबं काळं, मग जांभळं, मग विस्तवाच्या रंगाचं.
कांडी टेकली मात्र,
धातू पाण्यासारखा सांध्यात फिरला.
बुडबुडा आला नाही.
सगळी आग गेली असं आम्ही म्हणत होतो
आणि शेवटी ती लागलीच, एका सांध्यापुरती.

संध्याकाळी बटण दाबलं.
पंखा फिरला. टाकीत आकडा चढू लागला.
आणि पंख्याच्या तोंडातून, सेहेचाळीसच्या गच्चीवर,
थंड वारा.
लॉन्ड्रीच्या यमुनाताईंनी डबा तिथेच सोडला,
दोन नर्सा रुमाल काढून मान पुढे करून उभ्या,
हेल्पर आधीच टेकलेला.
काकांनी स्क्रूड्रायव्हर काढला,
कॉम्प्रेसरला टेकवला, कान लावला.
बराच वेळ.
"बोलते तं आहे," म्हणाले,
"पण याची बोली मले येत नाही."

मग जिन्यापाशी थांबले:
"तुमचा तो कोर्स किती महिन्यांचा?"
"सहा."
बोटांची पेरं मोजली, चौदातून सहा,
काय उरलं ते बोलले नाहीत.
खाली गेले.
हस्तांतर व्हायला अजून पंधरा दिवस होते,
आणि साडेतीनला बॉयलर लावायचा होता.